मुलांचे दात : घरोघरीचे एक दुर्लक्षित कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. त्यासाठी आम्हांस फार विचार करावा लागला नाही. गेली पस्तीस वर्षे आम्ही दंतवैद्यकाचा व्यवसाय करीत आहोत आणि या काळात आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या आमच्या खुर्चीत बसून गेल्या आहेत. 'हसतील त्यांचे दात दिसतील' अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्हांस मात्र लोकांचे दात बहुधा ते रडकुंडीस आल्यावरच दिसतात. त्यातही मूल रडत असले आणि त्याच्या शेजारी आई अगर आजी अपराध्यासारखा चेहरा करून उभी असली, म्हणजे आमच्याही मनाला चुटपुट लागते. कारण त्या मुलाचे ते दुखणे बहुतेक वेळा टाळता येण्याजोगे असते.

आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृह चालविले, वधूवरमेळावे भरविले. ही कार्ये भूषणावह आहेत यात शंका नाही. मेळाव्यात मुलगी पाहावयास आलेली मंडळी तिच्या हसण्याकडे बारकाईने पाहतात. परंतु तीच मुलगी सहा वर्षांची असताना तिच्या तोंडात दिव्याच्या उजेडात कोणी डोकावले होते काय, असे विचारले तर किती घरांतून होकार येईल ? मुलाच्या अक्षराकडे, पाढ्यांकडे, परीक्षेतील गुणांकडे आपण जातीने लक्ष देतो. दातांचा प्रश्न मात्र 'दात घासलेस का रे?' एवढ्या चौकशीवर मिटवितो. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, की लहान मुलाचे दात स्वच्छ ठेवणे हे त्या मुलाचे काम नसून घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि ते आज्ञेने होत नाही. हाताने करावे लागते.

प्रथम एका समजुतीचा समाचार घेऊ. मुलाच्या दाढेला कीड लागलेली दाखवली की पालकांच्या तोंडून ठरलेले वाक्य बाहेर पडते : 'दुधाचाच दात आहे ना ? पडणारच आहे !' जणू दुधाचा दात म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा. त्याच्यासाठी घराची डागडुजी कशाला! परंतु हा पाहुणा किती काळ मुक्कामाला असतो हे पाहावे. दुधाचे दात एकंदर २०. त्यांतील पहिला साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास हिरडीतून डोके वर काढतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सर्व येऊन चुकतात. पुढले पटाशीचे दात सहा-सात वर्षांचे वय झाले की पडू लागतात हे खरे. पण मागील दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ 'पडेपर्यंत' सांभाळावयाची तर मुलाने सात-आठ वर्षे तोंडात कीड बाळगली पाहिजे. इतका काळ ठणका सोसणारे मूल नीट चावून खात नाही, रात्री झोपेतून दचकून उठते, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही आणि आपण मात्र त्यास हट्टी व चिडखोर ठरवून मोकळे होतो.

शिवाय दुधाचा दात केवळ चावण्यासाठी नसतो. त्याच्या मुळांशी हाडामध्ये पुढील कायमचा दात तयार होत असतो. वरच्या दाताची कीड मुळापर्यंत पोहोचून तेथे पू झाला, तर खालच्या कोवळ्या दाताच्या घडणीत व्यंग येऊ शकते. दुधाची दाढ वेळेपूर्वी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात. मग ज्याची ती जागा होती तो कायमचा दात यावयास निघतो तेव्हा त्यास जागाच उरत नाही आणि तो वाकडातिकडा, कधी ओळीच्या बाहेर येतो. दुधाचा दात आपल्या वारसाची जागा राखून बसलेला असतो. इस्टेटीच्या बाबतीत आपण हे तत्त्व उत्तम जाणतो. दातांच्या बाबतीतच ते विसरतो.

याहूनही मोठी फसगत होते ती सहाव्या वर्षाच्या दाढेविषयी. मुलाचे वय सहाच्या आसपास झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर दोन व खाली दोन, अशा चार नव्या दाढा येतात. त्या येण्यापूर्वी कोणताही दात पडत नाही. म्हणून घरातील कोणाच्या ध्यानात त्या येत नाहीत, आणि आल्याच तर त्याही दुधाच्याच समजल्या जातात. वस्तुतः त्या कायमच्या दाढा होत. चर्वणाचा मोठा भार जन्मभर त्यांनी वाहावयाचा असतो. त्यांच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात; दाढ अर्धवट वर आलेली असताना ब्रश तेथवर पोहोचत नाही आणि त्या खाचांत अन्न साचून कीड लागते. आमच्याकडे नऊ-दहा वर्षांची मुले येतात तेव्हा पुष्कळांची ही दाढ पोखरलेली असते. आणि 'ही परत येणार नाही' असे आम्ही सांगितले म्हणजे आईबापांचा चेहरा उतरतो.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. परक्यांच्या घरच्या गोष्टी सांगून उपदेश करणे सोपे असते. म्हणून आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमचा थोरला मुलगा लहान असताना आमचा व्यवसाय नुकता कोठे जम धरू लागला होता. सकाळी नऊला बाहेर पडावे ते रात्री नऊला परत यावे, असा क्रम. रात्री घरी आल्यावर आम्ही त्यास न चुकता विचारीत असू, 'दात घासलेस का ?' तो 'हो' म्हणे. आम्ही समाधानाने जेवावयास बसत असू. त्याच्या आजीने एक-दोनदा सुचविले, की पोर एकाच बाजूने चावतो, जरा पाहा. 'रविवारी पाहू' असे आम्ही म्हणालो; रविवार पुष्कळ आले आणि गेले. तो नऊ वर्षांचा असताना एके रात्री गालाला सूज येऊन तापाने फणफणला, तेव्हा आम्ही प्रथमच बत्ती घेऊन त्याच्या तोंडात पाहिले. खालची उजवीकडील सहाव्या वर्षाची दाढ मुळापर्यंत गेली होती. ती वाचविण्यापलीकडे होती. ती काढावी लागली. आमचा हात धजेना, म्हणून एका स्नेही दंतवैद्यांनी काढली. पुढे मुलानेच सांगितले, की तो रोज रात्री ब्रश नळाखाली ओला करून परत ठेवीत असे. सर्व गावाचे दात तपासणाऱ्या माणसाने आपल्या मुलाच्या तोंडात तीन वर्षे पाहिले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या जागेत मागची दाढ कलली आहे आणि आज पस्तिशीच्या घरात असलेला तो मुलगा अजून एकाच बाजूने जेवतो. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. पण पंक्तीस तो शेजारी बसला म्हणजे आमच्या घशाखाली घास सहज उतरत नाही.

आता दात किडतो म्हणजे काय होते ते थोडक्यात पाहू. दातात किडा असतो अशी समजूत जगातील पुष्कळ जुन्या समाजांत होती. आपल्या वैद्यकातही 'कृमिदंत' हा शब्द आहे. खरा प्रकार निराळा आहे. डब्ल्यू. डी. मिलर या संशोधकाने बर्लिन येथे काम करून १८९० साली मुखातील सूक्ष्म जंतूंवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हे जंतू साखर व पिष्ट पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात व ते आम्ल दातास खाते, असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने या मतास बळकटीच आली. दातावरील चकचकीत कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, ते आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. तरी आम्लापुढे त्याचा टिकाव लागत नाही. गोड पदार्थ तोंडात गेल्यावर अवघ्या काही मिनिटांत दातावरील चिकट थरात आम्ल वाढते आणि त्यानंतर लाळ त्यास हळूहळू निष्प्रभ करते. यास साधारणतः अर्धा ते एक तास लागतो. त्या अवधीत दातातील चुना झिरपून जातो. आणि लाळेला पुरती उसंत मिळाली तर तिच्यातील चुना व फॉस्फेट यांच्या योगे झीज काही अंशी भरूनही निघते. दिवसभर दाताच्या पृष्ठावर अशी जमाखर्चाची वही चालू असते. खर्च वरचेवर झाला आणि जमेस सवड मिळाली नाही की दिवाळे निघते. आपण त्यास कीड म्हणतो.

ही वही कशी लिहिली जाते हे समजले, म्हणजे खाण्यापिण्याविषयीचे पुष्कळ गैरसमज दूर होतात. साखर किती खाल्ली यास महत्त्व आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकंदर ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावा. परंतु किती वेळा खाल्ली आणि ती दातांस किती काळ चिकटून राहिली, यास त्याहून अधिक महत्त्व आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील रुग्णालयात १९४५ नंतरच्या वर्षांत यासंबंधी जे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी अधिक किडले. हे प्रयोग स्वतःची संमती देण्यास असमर्थ अशा मतिमंद रुग्णांवर केले गेले. ती गोष्ट निंद्य होती आणि आज तिचा निषेधच केला जातो. पण ज्यांच्या दातांचे मोल देऊन हे ज्ञान मिळाले, त्यांचे स्मरण ठेवून तरी ते आपण व्यर्थ दवडू नये.

यावरून भगिनींस एक दिलासा द्यावासा वाटतो. पाडव्याचे श्रीखंड, होळीची पुरणपोळी, गणपतीचे मोदक यांनी मुलांचे दात किडत नाहीत. निदान ते मुख्य अपराधी नव्हेत. ते पानात वाढले जातात, जेवणाबरोबर संपतात आणि वर्षातून मोजक्या वेळा येतात. अपराधी आहे तो रोजचा साधा दिवस. सकाळी चहात बुडविलेले बिस्कीट, शाळेच्या डब्यात बिस्किटांचा पुडा, परतल्यावर दुधात साखर आणि चॉकलेटची भुकटी, शेजाऱ्याच्या वाढदिवसाची गोळी, अभ्यासाला बसावे म्हणून दिलेले चॉकलेट, आणि निजताना पुन्हा गोड दूध. 'आमचे मूल गोड खातच नाही' असे सांगणाऱ्या माउलीला आम्ही दिवसाची यादी करावयास सांगतो. ती सात-आठ वेळांपर्यंत सहज जाते. बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि बराच वेळ सुटत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून गोड द्यावयाचे ते जेवणाबरोबर द्यावे. मधल्या वेळी भूक लागली तर शेंगदाणे, फुटाणे, पोळी-भाजी, काकडी, पेरू द्यावा. अगदी लहान मुलांस मात्र आख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो. तहानेस पाण्यासारखे दुसरे पेय नाही.

तान्ह्या मुलांविषयी एक इशारा अवश्य दिला पाहिजे. तोंडात दुधाची बाटली ठेवून मुलास झोपविण्याची रीत शहरांत फार बोकाळली आहे. झोपेत लाळ अगदी कमी सुटते आणि गिळणेही मंदावते. साखर घातलेले दूध रात्रभर वरच्या पुढील दातांभोवती साचून राहते. अशा मुलांचे पुढचे चार दात दोन-तीन वर्षांतच काळे पडून झिजतात. बाटली झोपेपूर्वी संपवावी, दुधात साखर घालू नये आणि हिरड्या व नवे दात स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून मगच मुलास निजवावे. खोकल्याचे गोड औषध रात्री द्यावे लागले तरी त्यानंतर तोंड स्वच्छ केल्यावाचून निजवू नये.

आता स्वच्छतेकडे वळू. रात्रीचे दात घासणे ही पाश्चात्त्यांची चाल आहे असे काही वडीलधारी मंडळी समजतात. त्यांस आम्ही आदरपूर्वक सांगू इच्छितो, की चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दातवणाचे दोन काळ सांगितले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात ते सकाळी आणि भोजनानंतर करावे, काडीचे टोक मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. म्हणजे दोन वेळा दात घासणे ही आपलीच रीत. मधल्या काळात आपण सकाळचे 'तोंड धुणे' तेवढे जपले आणि दुसरी वेळ गमावली. जेवून उठल्यावर खळखळून चुळा भरण्याची चांगली चालही हात धुण्याच्या भांड्याबरोबर मागे पडली. दोहोंतील एकच वेळ साधणार असेल तर ती रात्रीचीच साधावी. कारण रात्री लाळेचा पहारा उठलेला असतो. मात्र दोन्ही वेळा साधाव्यात हेच उचित. आणि रात्री दात घासल्यानंतर पाण्यावाचून काही तोंडात जाता कामा नये.

घासावयाचे कशाने ? आमच्या लहानपणी राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, विटेची भुकटी यांचा सर्रास उपयोग होत असे. खरखरीत पुडीने दात क्षणभर पांढरे दिसतात, पण कवच झिजते. बाभळीची वा कडुलिंबाची काडी नीट चावून वापरली तर ती वाईट नाही. परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मागील दाढा तिने स्वच्छ होत नाहीत. त्यास लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश द्यावा आणि केस वाकले की, साधारणतः तीन महिन्यांनी, तो बदलावा. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दिसते तिची काहीएक जरुरी नाही. मुलाने ती गिळू नये, थुंकावी. आणि थुंकल्यावर पुष्कळ पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइडचा पातळ थर दातांवर राहून आपले काम करतो. चूळ भरावी ती जेवणानंतर.

फ्लोराइडसंबंधी काहींच्या मनात किंतु असतो. म्हणून त्याचा इतिहास दोन वाक्यांत सांगतो. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यास १९०१ पासून तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. पुढे असे दिसले की हे डागाळलेले दात किडीस मात्र दाद देत नाहीत, आणि १९३१ साली याचे कारण पाण्यातील अधिक फ्लोराइड असल्याचे सिद्ध झाले. प्रमाणात असता रक्षक आणि प्रमाणाबाहेर गेले की दातांस डाग व हाडांस अपाय, असा त्याचा स्वभाव आहे. आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते मुळातच अधिक आहे. तेथील सभासदांनी विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी तपासून घ्यावे आणि मुलांच्या पेस्टविषयी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. इतरांनी मात्र निःशंक मनाने ती वापरावी.

एका गोष्टीविषयी कठोर बोलल्याबद्दल क्षमा असावी. आपल्या खेड्यांतील घरांत अजूनही मशेरी भाजली जाते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड पुष्कळ वृद्ध स्त्रिया सकाळ-संध्याकाळ दातांस लावतात. आणि नातवाची दाढ दुखू लागली तर मायेपोटी चिमूटभर त्याच्याही हिरडीवर चोळतात. ठणका क्षणभर बधिर होतो, कीड तशीच राहते आणि कोवळ्या जिवास तंबाखूची गोडी लागते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो याविषयी आता वाद उरलेला नाही. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर सरकारचा अंमल चालत नाही, तेथे सुनेचा व लेकीचाच चालला पाहिजे. आजीस दुखवून नव्हे. तिला हात धरून दवाखान्यात आणून, तिच्याही तोंडाची तपासणी करवून.

आता सवय कशी लावावी हा खरा प्रश्न. मुलास स्वच्छ अक्षर काढता येऊ लागेपर्यंत, म्हणजे सुमारे सात-आठ वर्षांपर्यंत, त्याच्या हातास ब्रश नीट फिरविता येत नाही. तोवर त्याने हौसेने घासावे आणि मागाहून मोठ्याने घासून द्यावे. मुलाचे डोके मांडीवर घ्यावे, एका हाताने ओठ दूर करावा, दिवा असा असावा की मागील दाढा दिसतील. हिरडीच्या कडेपासून सुरुवात करून आतली, बाहेरची आणि माथ्याची बाजू हलक्या हाताने घासावी. दोन मिनिटे पुरेत. याच वेळी पाहणीही होते. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती किडीची पहिली सूचना होय. या टप्प्यावर उपाय केला तर दात भरावाही लागत नाही. काळा ठिपका वा खड्डा दिसला तर दुखण्याची वाट पाहू नये. सहाव्या वर्षाची दाढ आली की तिच्या खाचा बुजविणारे लेपन दंतवैद्याकडून करून घ्यावे. त्यास टोचावे लागत नाही की कोरावे लागत नाही.

हे काम आईवरच टाकू नये. पुष्कळ घरांत वडील संध्याकाळी मोकळे असतात. त्यांनी ही दोन मिनिटे आपली मानावी. एकत्र कुटुंबात आजोबांनी नातवंडांबरोबर मोरीवर उभे राहून स्वतःचे दात, अथवा कवळी, घासावी. मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले करतात. शिक्षा म्हणून दात घासावयास लावू नये आणि घासल्याचे बक्षीस म्हणून चॉकलेट देऊ नये. दुसरा प्रकार आम्ही प्रत्यक्ष पाहिलेला आहे! आणि एक विनंती आमच्या व्यवसायाच्या वतीने : 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर दात उपटतील' असा धाक मुलांना घालू नका. ज्या मुलाने आमच्याविषयी एवढेच ऐकलेले असते ते दुखल्याशिवाय येत नाही आणि दुखल्यावर आले की तोंड उघडत नाही. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारासच मूल एकदा आमच्याकडे आणावे. पुढे दर सहा महिन्यांनी. काही दुखत नसताना आलेले मूल खुर्चीची गंमत पाहते, हसत परत जाते आणि पुढच्या खेपेस आपण होऊन चढून बसते.

हा प्रश्न आपल्याच ज्ञातीचा आहे असे नाही. जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालातील अंदाज आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे एका ज्ञातिमंडळाने काय करावे ? आमच्या अल्पमतीस तीन गोष्टी सुचतात. पहिली, दरवर्षीच्या संमेलनात भोजनापूर्वी एक तास मुलांच्या दंततपासणीस द्यावा. आपल्या ज्ञातीत आज दंतवैद्यांची वाण नाही, आणि तरुण मंडळी या सेवेस नकार देणार नाहीत असा आम्हांस भरवसा आहे. प्रत्येक मुलाच्या नावे एक पत्रक ठेवावे आणि पुढल्या वर्षी ते ताडून पाहावे. दुसरी, वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासानंतर, दिवे मालविण्यापूर्वी, दात घासण्याचा नियम करावा. घरापासून दूर असलेल्या मुलांचे वडीलधारे आपण आहोत. तिसरी, उपचाराचा खर्च ज्या कुटुंबांस झेपत नाही, त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती निधीतून अल्पशी तरतूद व्हावी आणि अशा कुटुंबांस सार्वजनिक दंतरुग्णालयांची वाट दाखवावी. मुंबईचे नायर दंतमहाविद्यालय १९३३ साली स्थापन झाले. तेव्हापासून गोरगरिबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी त्याचा लाभ घेतला आहे. जाता जाता, बक्षीससमारंभात गुणवंत मुलांच्या हाती आपण पुस्तकाबरोबर चॉकलेटचे पाकीट ठेवतो. ते पाकीट वगळता आले तर दंतवैद्यांचे उत्पन्न थोडे घटेल, पण आमची त्यास हरकत नाही.

समारोप करताना मघाच्या गोष्टीचा शेवट सांगून रजा घेतो. आमच्या त्या मुलास आता सहा वर्षांची मुलगी आहे. गेल्या श्रावणात तिची खालची नवी दाढ वर येऊ लागली. तो कचेरीतून कितीही उशिरा आला तरी रात्री तिला मांडीवर आडवे घेतो, एका हातात बत्ती धरतो आणि तिचे दात स्वतः घासून देतो. आम्ही त्यास हे कधी शिकविले नव्हते. एके रात्री आम्ही दारात उभे होतो, तेव्हा तो मान वर न करता एवढेच म्हणाला, 'बाबा, चारी दाढा आल्या. एकही डाग नाही.' आम्हांस त्यावर काही बोलता आले नाही.

आज घरी गेल्यावर, मुले निजण्यापूर्वी, आपणांपैकी प्रत्येकाने दिवा जवळ घेऊन आपल्या मुलाच्या, नातवाच्या तोंडात एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. रविवारची वाट पाहू नये.